साडेतीनशे शब्दांत

शिरगुप्पे म्हणाले, साडेतीनशे शब्द, वर एक फोटो,
खाली तारे, पाचापैकी किती ते ठळक.
आणि दिग्दर्शकाचं नाव एकदाच लिहा,
वाचणाऱ्याच्या दातात अडकतं.

दिवसा मी लक्ष्मीपुरीत लग्नपत्रिकांची प्रुफं वाचतो.
चि. सौ. कां. मधलं एखादं टिंब गेलं
तर माणसं टेम्पो करून भांडायला येतात.
रात्री लॅपटॉपवर जपान, कोरिया, इराण, तैवान,
तळाशी पळणारी इंग्रजी अक्षरं,
आणि मी शोधत बसतो, ह्याला आपल्यात काय म्हणायचं,
म्हणजे रविवारी मटणाच्या रांगेतला माणूस
पिशवी दुसऱ्या हातात घेऊन
दोन ओळी तरी वाचेल.

कोरियाचं सोपं असतं. सासरा वाडगा ज्या आवाजात ठेवतो
त्यावरून जावई पसंत नाही हे कळतं.
हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अडलो त्या जपानी पिक्चरपाशी.
बंद पडलेल्या रेल्वेचा बोगदा. एक म्हातारा रोज तो झाडतो.
एकशे बारा मिनिटं झाडतो.
गाडी येत नाही.
मी लिहिलं 'संथ', खोडलं.
'संयत', खोडलं.
'चिंतनशील' लिहिल्यावर मलाच जांभई आली,
मग पायात चपला सरकवून गंगावेशीत गेलो, दूध कट्ट्यावर.

आप्पासो मगदूम म्हशीच्या कासेला हात लावून बसलेले.
तिघंजण रिकामे ग्लास घेऊन उभे.
धार नाही.
कुणी मोबाईलही काढत नव्हतं.
म्हटलं, आप्पा, आज उशीर?
ते म्हशीकडंच बघत म्हणाले,
पान्हवाय नको व्हय?
वढून काय हुतंय, आचळ दुखतंय नुसतं.
हात ठिवायचा. ती बघत्या कोण हाय ते.
मग सोडत्या.

घरी येऊन लिहिलं:
हा चित्रपट पान्हवायला वेळ घेतो, हात ठेवून बसा.

रविवारी ते वाक्य नव्हतं. टायरची जाहिरात आली होती.
छापलं होतं 'संथ पण सुंदर', साडेतीन तारे.
मी चार दिले होते.
अर्धा तारा बहुधा टायरखाली गेला.

पुढच्या आठवड्यात अॅनिमे.
पाण्याखाली गेलेलं शहर, होडीत एक मुलगी,
मेलेल्या आईचं लग्नाआधीचं नाव शोधत
दारोदार, म्हणजे छपरोछपरी, फिरते.
शिरगुप्पेंनी मथळा दिला: बच्चेकंपनीसाठी पर्वणी.
का, तर कार्टून आहे.

बुधवारी राजारामपुरीतून एका बाईंचा फोन.
तुमचं वाचून पोरीला दाखवलं.
तीन दिवस जेवताना बोलली नाही ती.
मी माफी मागायच्या तयारीत, शब्द जुळवत होतो.
चौथ्या दिवशी, त्या म्हणाल्या,
पोळी लाटताना मागं येऊन उभी राहिली,
आई, तुझं आधीचं नाव काय गं?

मग?

मग सांगितलं की.
वैजयंता.
किती वर्षांनी तोंडात आलं बघा.
त्यानंतर फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही,
मागं कुकरची शिट्टी झाली, आणि त्या म्हणाल्या,
तुमचे तारे मात्र कमी पडले हो.

संध्याकाळी कसबा बावड्याची एक पत्रिका आली, तातडीची.
आपले विनीत: सौ. व श्री. दत्ताजीराव.
त्या 'सौ.'वर पेन्सिल टेकवून
मी बराच वेळ बसलो.
मालक म्हणाला, चूक आहे काय?

प्रुफात चूक नव्हती.